नोकरी नाही, घर हवे आहे

"सध्या नोकरी कुठं आहे?"

गेल्या वर्षी मे महिन्यात हा प्रश्न आम्ही कर्जतमध्ये अकरा घरांच्या दारात ऐकला. प्रश्न साधाच आहे. ज्याला आपली खोली द्यायची, त्याचे भाडे कुठून येणार हे विचारण्याचा मालकाला हक्क आहे. पण दरवेळी उत्तर द्यायला आम्हाला क्षणभर उशीर होई आणि तेवढ्यात समोरच्याला काय ते समजे. मग चहा विचारला जाई, पंखा वाढवला जाई आणि निघताना ऐकू येई, "कळवतो हं तुम्हाला."

आम्ही दोघेही शिक्षक. एकाकडे उर्दू आणि मराठी, दुसऱ्याकडे गणित. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षे शिकवले. शाळेच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथेच दोन्ही मुले रांगायला शिकली, अम्मींच्या कुंड्या तिथेच फुलल्या. पटसंख्या घटत गेली आणि एप्रिलअखेर पत्र हातात पडले : पुढच्या वर्षी वर्ग चालणार नाहीत, ३१ मेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. एकाच कागदाने नोकरी गेली आणि छप्परही गेले.

नोकरी गेलेला माणूस निदान आपल्या घरात बसून विचार करू शकतो. आम्हाला आधी घर शोधायचे होते, तेही नोकरी नसताना, अनोळखी गावात. हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. कंत्राटी कामगार, दुकानातले नोकर, आखातातून परत आलेले भाऊ, तासिकांवर शिकवणारे शिक्षक अशा कितीतरी घरांवर ही पाळी येते. म्हणून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

कर्जतच का?

नातेवाईक म्हणाले, मुंब्र्याला या, पनवेलला या. पण तिथली भाडी ऐकून आम्ही फोन ठेवला. गावी थांबावे तर मुलाखतींना जायला रात्रीची गाडी आणि दोन दिवस. आम्हाला असे ठिकाण हवे होते जिथून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल आणि राहणे परवडेल.

कर्जत मुंबई-पुणे लोहमार्गावर, घाटाच्या पायथ्याशी आहे. मुंबईहून येणारी लोकल इथे संपते आणि इथूनच एक फाटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला जातो. कल्याण तासाभरावर. अंबरनाथ, उल्हासनगर, मुंब्रा, खोपोली या सगळ्या भागांतल्या शाळा एका मासिक पासात आवाक्यात येतात. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचे काम सुरू झाल्यापासून इमारती मात्र झपाट्याने उठल्या आहेत. त्यांतली कितीतरी घरे मुंबई-डोंबिवलीच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली. शनिवार-रविवार दिवे लागतात, बाकी आठवडा कुलूप.

नेरळजवळच्या दामत गावात आमच्या नात्यातल्या खाला राहतात. मुले आणि अम्मी गावीच ठेवून आम्ही खालांकडे उतरलो आणि रोज सकाळी डबा घेऊन कर्जतला जाऊ लागलो. मुद्रे, गुंडगे, भिसेगाव, दहिवली असे पायी फिरलो.

तीन चाळण्या

घर शोधताना आम्हाला तीन चाळण्यांतून जावे लागले.

पहिली चाळणी नावाची. फोनवर शुद्ध मराठी ऐकून मालक मोकळेपणाने बोलत. नाव सांगितले की आवाज बदले. एका नव्या इमारतीतल्या दलालाने स्पष्टच सांगितले, "मला अडचण नाही हो, सोसायटीला आहे." हा काही कर्जतचा विशेष नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कुटुंबांना भाड्याने किंवा विकत घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातला अभ्यास प्रसिद्ध झाला. सारखेच शिक्षण आणि सारखीच नोकरी असलेल्या, पण नावे वेगळी असलेल्या भाडेकरूंना मालक काय उत्तर देतात हे त्यांनी तपासले. सर्वांत जास्त नकार मुस्लिम नावांना मिळाले.

दुसरी चाळणी ताटाची. "मटण-मासे चालणार नाहीत" हे वाक्य नाव न विचारता नकार देण्याचा सोयीचा मार्ग झाले आहे.

तिसरी चाळणी पगाराच्या स्लिपची. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की पहिल्या दोन चाळण्या जिथे नव्हत्या तिथेही ही होती. आपल्याच एका भाईंनी मोठ्या अगत्याने सलाम केला, खोली दाखवली, शिरकुर्म्याच्या गप्पा मारल्या आणि नोकरी नाही म्हटल्यावर म्हणाले, "भाईजान, आधी काम लागू द्या, मग घर बघू." परक्याच्या नकारापेक्षा हा जास्त लागला. रात्री विचार केला तेव्हा मात्र वाटले, त्यांचे काय चुकले? मागच्या भाडेकरूने त्यांचे चार महिन्यांचे भाडे बुडवले होते. स्लिप नसलेला माणूस दारात आला की मालकाला आधी जुना तोटा आठवतो. आपला मजहब त्या भीतीवर आपोआप उतारा होत नाही.

ते पत्र

आठव्या नकारानंतर एका दलालाने तोडगा सुचवला. ओळखीच्या एका संस्थेच्या लेटरहेडवर 'जूनपासून रुजू होत आहेत' असे पत्र आणायचे. "कोण तपासायला जातंय?" पत्राचे पाचशे रुपये.

खोटे लिहीत नाही. त्या रात्री आम्ही त्या पत्राचा विचार केला. जून जवळ आला होता. मुलांचे दाखले हातात होते. गावाकडून अम्मींचा रोज फोन येत होता. खालांच्या ओट्यावर बसून दोघांनी एकमेकांना हीच समजूत घातली की नोकरी तर लागणारच आहे, मग हे खोटे कसे?

तेवढ्यात आमच्यातले गणित बोलले. समजा खोट्या पत्रावर घर मिळाले आणि ऑगस्टमध्ये भाडे थकले. मालकाला तेव्हा काय सांगणार? खऱ्या माणसाला उशिराची सवलत मागता येते. खोट्या पत्राच्या माणसाला तोंडच राहत नाही. वर्गात मुलांच्या खोट्या रजाचिठ्ठ्या अकरा वर्षे पकडत आलो होतो, तेही आठवले. सकाळी दलालाला नको म्हणून कळवले आणि बाजारातून पाच रुपयांचे पेन आणि चाळीस पानी वही आणली.

वहीचा हिशेब

वहीत पहिल्या पानावर शिल्लक लिहिली : १,८०,००० रुपये. अकरा वर्षांची दोघांची बचत एवढीच.

त्याआधी आम्ही घरे बघताना 'हे आपल्याला शोभेल का' असे बघत होतो. वही झाल्यावर 'या घरात आपले पैसे किती महिने पुरतील' असे बघू लागलो. इथे आमचे डोळे उघडले.

आम्हाला आवडलेल्या वन-बीएचकेचे भाडे होते ९,५०० आणि अनामत ५०,०००. दलालाचे एक भाडे, सामानाच्या टेम्पोचे १३,०००, कराराचे ३,००० आणि बल्ब-नळ-शेगडी, येणे-जाणे असे किरकोळ ६,००० धरले की पहिल्याच दिवशी ८१,५०० जात होते. उरले ९८,५००.

दुसरीकडे एका जुन्या बैठ्या घरातल्या दोन खोल्या कानावर आल्या होत्या. भाडे ६,५००, अनामत २५,०००, मध्ये दलाल नाही. तिथे सुरुवातीला ४७,००० जाऊन १,३३,००० उरत होते.

महिन्याचा खर्च असा मांडला : भाडे ६,५००, किराणा-भाजी-दूध ८,०००, वीज आणि गॅस १,८००, मुलांची शाळा २,५००, अम्मींची औषधे १,७००, मुलाखतींचा प्रवास १,५००. एकूण २२,०००. म्हणजे बैठ्या घरात सहा महिने निघत होते. वन-बीएचकेत महिना २५,००० वर जात होता आणि चार महिनेही पुरत नव्हते.

शिक्षकाला या दोन महिन्यांची किंमत कळते. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मे-जूनमध्ये जागा भरल्या गेल्या की पुढची संधी कुणी रजेवर गेले किंवा दिवाळीनंतर एखादी जागा रिकामी झाली तर. चार महिने म्हणजे सप्टेंबर, सहा महिने म्हणजे नोव्हेंबर. तेवढ्या अंतरात माणूस तगतो किंवा कर्जात जातो.

दहिवलीतल्या दोन खोल्या

त्या दोन खोल्या एका किराणा दुकानदाराने सुचवल्या. उल्हास नदीपलीकडे दहिवलीत एका वयस्कर बाईंचे घर. पुढे त्या स्वतः, मागच्या खोल्या भाड्याने. मुलगा बदलापूरला नोकरीला.

बाईंनी तिन्ही चाळण्या एका दमात लावल्या. नाव ऐकले, मान हलवली. मग विचारले, "मटण शिजवाल ना?"

आम्ही म्हटले, "महिन्यातून एकदा-दोनदा. सध्या पैसे तेवढेच आहेत."

त्या हसल्या. "आमच्याकडं सुकट भाजली की चार घरं वास जातो. मी कुणाला काय सांगू?" आणि मग तो प्रश्न आला. "नोकरी कुठं?"

या वेळी उत्तराला उशीर झाला नाही. "दोघांचीही नाही. एप्रिलमध्ये गेली. शोधतो आहोत." आणि वही पुढे केली. कुठल्या महिन्यात किती शिल्लक राहील, नोव्हेंबरच्या शेवटी काय होईल, सगळे त्यात होते. शेवटी लिहिले होते : चौथ्या महिन्यापर्यंत काम लागले नाही तर आम्ही स्वतः येऊन सांगू.

त्यांनी चष्मा लावून पाने उलटली. म्हणाल्या, त्यांच्या यजमानांच्या खोपोलीतल्या कारखान्यात टाळेबंदी झाली होती तेव्हा त्याही भाड्याच्या खोलीत होत्या. मालकाने तीन महिने भाडे मागितले नव्हते. "त्याला आम्ही काही वहीबिही दाखवली नव्हती," एवढेच बोलून त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा तयार नव्हता. दोन दिवस आम्ही वाट पाहिली. शेवटी त्याने एक अट घातली : करार रीतसर नोंदवायचा. आम्हाला तेच हवे होते.

घर घेण्याआधी आम्ही शेजाऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारली : "२६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं?" कर्जत-बदलापूर पट्ट्यात घर घेणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे. २७ जुलै २०१९ ला याच उल्हास नदीच्या पुरात वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. शेजारच्या काकांनी भिंतीवरची खूण दाखवली. आमच्या खोल्यांचा चौथरा त्याहून उंच होता.

गेल्या वर्षी पाऊसही घाईत होता. २६ मेलाच मुंबईत पोहोचला. ताडपत्रीखालून गळणारा टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा अम्मींनी पहिली चौकशी केली ती कुंड्यांची. ७ जूनची बकरी ईद आम्ही नव्या घरात केली. कुर्बानीचा प्रश्न नव्हता, मुलांना ताजे कपडे नव्हते, पण दाराला कडी होती. अल्लाहचे शुक्र.

कागद पक्का हवा

पुष्कळ घरांत अजून समजूत आहे की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झाले. महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. म्हणजे करार नोंदवणे मालकाच्याही हिताचे आहे.

खर्चाची धास्ती नको. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के. आमच्या करारात ते दोनशे रुपयांच्या आत आले. नोंदणी फी नगर परिषदेच्या हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. बाकीचे बहुतेक पैसे जातात ते करार करून देणाऱ्याच्या सेवेचे. आधार कार्ड, अंगठा आणि दोन साक्षीदार असले की नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते.

नोकरी नसलेल्याने करारात तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. एक, 'लॉक-इन' म्हणजे अमुक महिने घर सोडता येणार नाही ही अट नसावी. दुसऱ्या गावात काम लागले तर एक महिन्याच्या सूचनेवर निघता आले पाहिजे. दोन, अनामत किती दिवसांत आणि काय कापून परत मिळेल हे स्पष्ट लिहावे. तीन, मुदत संपली की नवा करार करावा किंवा घर सोडावे. कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही राहिल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकाचे काम आहे, पण आम्ही बाईंसोबत बसून ती भरली. यात कमीपणा नाही. सोसायटीत घर असेल तर भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून घेतले जाणारे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे. हा बोजा कुणी तुमच्यावर टाकत असेल तर आकडा विचारा.

याच नोंदणीकृत करारावर पुढची कामे सोपी होतात. आधारवरचा पत्ता बदलतो, गॅस मिळतो. रेशन कार्ड गावचे असले तरी चालते. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. मुलांचा दाखला यायला उशीर झाला तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. खिसा रिकामा असताना यातली एकेक गोष्ट मोलाची असते.

मदीनेतले घर

दहिवलीतल्या पहिल्या रात्री अम्मींनी मुलांना हिजरतची हकीकत सांगितली. इ.स. ६२२ मध्ये मक्केतले मुहाजिर मदीनेत आले तेव्हा त्यांची घरे मागे राहिली होती, व्यापार मागे राहिला होता. स्वतः प्रेषित (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (र.) यांच्या घरी सुमारे सात महिने राहिले. हजरत सअद बिन रबीअ (र.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. दुसऱ्या दिवसापासून पनीर आणि तूप विकू लागले.

ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो आणि अन्सारांच्या उदारपणापाशी थांबतो. आम्हाला त्या रात्री दुसरी बाजूही दिसली. आलेल्याने आपली स्थिती लपवली नाही आणि मदत करणाऱ्याने आधी पगार विचारला नाही. आणि देण्या-घेण्याचा मुदतीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून काढा, हा हुकूम तर कुरआनच्या सूरह बकरात आहे. भरवसा असला तरी कागद करावा, हे आम्ही तिथूनही शिकलो.

ज्यांच्याकडे खोली आहे

गेल्या सप्टेंबरात याच तालुक्यात नेरळजवळच्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात 'हलाल' शब्दामुळे देशभर गाजली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. टीव्हीवर चर्चा झडत होत्या तेव्हा आम्ही दहिवलीत ऑक्टोबरच्या भाड्याची जुळवाजुळव करत होतो. अम्मींना दवाखान्यात ठेवावे लागले होते आणि वहीतला हिशेब महिनाभर आधीच संपत आला होता. वेगळी वसाहत हवी की नको हा वाद घर विकत घेऊ शकणाऱ्यांचा. ज्याला दोन खोल्या सहा महिन्यांसाठी हव्या आहेत, त्याला एका माणसाचा होकार पुरतो. तो कुणाचाही असो.

म्हणून खोली असलेल्या वाचकांना आमची विनंती. स्लिप नसलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवू नका. त्याच्याकडे सहा महिन्यांचे पासबुक मागा, आधीच्या मालकाचा फोन मागा, हिशेब मागा. अनामत फुगवू नका, कारण तेच त्याचे दोन महिन्यांचे जेवण असते. करार नोंदवा. आणि जमातींना विनंती : प्रत्येक गावच्या जमातीत दोन-चार जाणती माणसे असतात. ओळखीच्या होतकरू कुटुंबासाठी त्यांनी तीन महिन्यांच्या भाड्याचे जामीन राहावे. मालकाची भीती तेवढ्याने निघून जाते.

आमचे पुढे काय झाले? १ ऑक्टोबरला आम्ही कबूल केल्याप्रमाणे बाईंसमोर जाऊन बसलो. भाडे नऊ दिवस उशिरा दिले. शिकवण्या वाढवल्या. नोव्हेंबरमध्ये दोघांपैकी एकाला कल्याणच्या बाजूला बाळंतपणाच्या रजेची जागा मिळाली. ती कायमची नाही. एप्रिलमध्ये करार नवा केला, भाडे पाचशेने वाढले. बाईंच्या मुलाने या वेळी काही विचारले नाही.

आता कोकणातून कधी कधी फोन येतो, कर्जतला खोली मिळेल का? आम्ही साक्षीदार म्हणून सोबत जायला तयार असतो. येताना फक्त वही घेऊन या, एवढेच सांगतो.